थर्मामीटर बाई जेवतात कुठे?

शहरातले हॉटेलवाले त्यांना थर्मामीटर बाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं. एकदा एका हॉटेलच्या मागच्या दाराने आत शिरताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "अरे, झाकण घाल त्याच्यावर, थर्मामीटर बाई आल्या!" बाईंनी नेमकं तेच झाकण आधी उचललं, हे सांगायला नकोच.

बाई महापालिकेच्या आरोग्य खात्यात होत्या. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची, हे त्यांचं काम. शहर परदेशातलं, अवाढव्य, देशोदेशींची माणसं येऊन राहिलेली. बाईंना हिंदी येत होती, उर्दू आणि बंगाली कामापुरती कळत होती. तेवढ्यावर खात्याने त्या भागातली आपल्याकडच्या आणि आपल्या आसपासच्या देशांतल्या जेवणाची सगळी हॉटेलं त्यांच्या गळ्यात मारली होती. पर्समध्ये एक लांब टोकाचा थर्मामीटर असे. तो त्या डाळीत खुपसत, भातात खुपसत, कोंबडीच्या तंगडीत खुपसत आणि आकडा बघून मान हलवत. मान उभी हलते की आडवी, याकडे अख्ख्या स्वयंपाकघराचे डोळे लागलेले असत.

गंमत म्हणजे बाईंना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता. चहा, उकडलेलं अंडं आणि भाजलेला पाव, इथवर त्यांची मजल. तशी वेळच आली नव्हती. घरात धाकटी बहीण होती. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एकाच फ्लॅटमध्ये राहत होत्या. धाकटी कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी आली की ओढणी कमरेला बांधून ओट्याशी उभी राहायची आणि म्हणायची, "ताई, तू बस तिथे. तुझं काम फक्त नावं ठेवायचं." ताईही मग इमानदारीने नावं ठेवायची. मीठ कमी आहे. फोडणी करपली. पोळी आहे की चामडं? धाकटी हसत हसत आणखी एक पोळी वाढायची.

चाळिशी उलटल्यावर धाकटीने लग्न केलं. माणूस चांगला होता, पण दुसऱ्या देशात राहत होता. बाईंनी तिला विमानतळावर सोडलं, हात हलवला आणि घरी येऊन फ्रिज उघडला. धाकटीने चार दिवस पुरेल एवढं करून ठेवलं होतं. बाईंनी ते पुरवून पुरवून आठवडाभर खाल्लं. शेवटचे दोन दिवस आपल्याच नियमात बसत नाहीत हे माहीत असून खाल्लं. एखाद्या हॉटेलात असं शिळं सापडलं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या फेकायला लावलं असतं.

त्यानंतर पाव. सकाळी पाव, रात्री पाव. धाकटीने फोनवरून भाजी शिकवायचा प्रयत्न केला. "ताई, कांदा गुलाबी झाला का?" "गुलाबी कुठला, काळा झालाय." असं दोनतीनदा झालं आणि दोघींनी तो नाद सोडला.

मग बाईंनी ठरवलं, बाहेर जेवायचं. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याकडच्या जेवणाची हॉटेलं पावलागणिक होती, आणि आतून-बाहेरून ती जेवढी बाईंना माहीत होती तेवढी कोणालाच नव्हती. कोणाच्या कढईला तळ उरलेला नाही, कोण फडका वेळेवर बदलतो, कोणाच्या कोठीत उंदीर येऊन गेले, सगळं. फक्त चव त्यांना एकाही ठिकाणची माहीत नव्हती. आपल्या हद्दीत खायचं नाही, असा नियम होता आणि बाई नियमाच्या पक्क्या होत्या.

हद्दीबाहेर जावं म्हटलं, तर हा सगळा धंदा नात्यागोत्याचा. एकाचा मेहुणा दुसऱ्याचा भागीदार, दुसऱ्याचा साडू तिसऱ्याकडे आचारी. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मोठ्या हॉटेलात बाई कोपऱ्यातलं टेबल पाहून बसल्या, तर पाणी आणणारा वेटर त्यांच्याकडे बघून तसाच मागे फिरला. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचे आवाज झाले. थोड्या वेळाने मालक हात पुसत बाहेर आला.

"मॅडम, आज इकडे कशा? ही तर दुसऱ्या साहेबांची हद्द."

"जेवायला आले आहे."

"हो हो, जेवायलाच," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता. न मागवलेल्या ताटल्या एकामागून एक येत राहिल्या आणि मालक हात बांधून शेजारी उभा राहिला. बाईंनी घास घेतला की तो आवंढा गिळायचा. बाईंनी कसंबसं अर्धं ताट संपवलं. त्याने पैसे घेतले नाहीत. बाईंनी ते पाण्याच्या पेल्याखाली ठेवले तर तो रस्त्यावर धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा ना."

पुढच्या वेळी त्या एका भपकेबाज ठिकाणी गेल्या. तिथे कोणी ओळखलं नाही. नारिंगी रंगाचा, साखर घातल्यासारखा गोड रस्सा आला आणि सोबत मेणबत्ती. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचे काटे-चमचे वेटरने इतक्या हळुवारपणे उचलून नेले, की बाईंना कोणीतरी वारल्यासारखं वाटलं.

मामा-मामींची खाणावळ त्यांना सापडली ती बस चुकल्यामुळे. एका रविवारी दुपारी भलत्याच बसमध्ये बसून बाई शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. मालगाड्यांच्या यार्डामागे एक लहानशी गल्ली होती. तिथे एका जुन्या न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी टेबलं मांडली होती. भिंतीवरचे आरसे तसेच होते. दारात कसली पाटी नव्हती, पण आतून आवाज आला, "अहो, बघताय काय, दूध उतू जातंय!"

बाई रस्त्यातच थांबल्या. त्या आवाजात अस्सल वैताग होता, आणि तो मराठीत होता.

आत वाढायला मामा होते. सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर नुसतं बसवेना, म्हणून बायकोच्या हाताला कामाला लावलं, असं ते सगळ्यांना सांगत. मामी पडद्याआड स्वयंपाक करत. रोज एक डाळ, एक भाजी, भात, पोळ्या आणि रविवारी कोंबडी. जे असेल ते. येणारी माणसं सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची, बेटांवरची, डोंगरांमधली. टॅक्सीवाले, नर्सा, गोदामात ओझी उचलणारे. बहुतेक एकेकटे. सगळे त्यांना मामा-मामीच म्हणत, अर्थ माहीत असो वा नसो.

"नव्या दिसता," मामा म्हणाले. "काय करता?"

"ऑफिसात असते," बाई म्हणाल्या. "कागदपत्रं बघते."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

डाळ साधी होती. मीठ किंचित जास्त, फोडणीत लसूण थोडा करपलेला. बाईंनी पहिला घास खाल्ला आणि समोरच्या आरशात त्यांना आपलाच चेहरा दिसला. तो इतका लहान मुलासारखा झाला होता की त्यांनी मान खाली घातली आणि पुढचं सगळं ताट तसंच संपवलं.

मग त्या दर रविवारी जाऊ लागल्या. मामी आधी पडद्यातून नुसती नजर टाकायच्या. मग एकदा बाहेर येऊन बसल्या. "एकट्याच असता?" असं विचारून त्यांनी सगळं काढून घेतलं. धाकटी, तिचं लग्न, पाव. "पाव?" मामी ओरडल्या. "अगं, माणूस आहेस की पावावर जगणारं बदक?"

बोलता बोलता त्यांच्या तोंडून अगं निघून गेलं आणि दोघींपैकी कोणीच ते परत घेतलं नाही. बाईंना या शहरात सगळे मॅडम म्हणत. धाकटी गेल्यापासून समोर बसून त्यांना अगंतुगं करणारं कोणी उरलं नव्हतं. बसने घरी जाताना त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं आणि खिडकीकडे तोंड करून एकट्याच हसल्या.

महिने गेले. ऊन वाढलं. एका रविवारी गर्दी होती आणि टेबल रिकामं नव्हतं. मामींनी पडदा बाजूला केला. "आत ये गं, स्टूल देते. तू काय परकी आहेस?"

इतके दिवस बाई पडद्याकडे मुद्दाम पाठ करून बसत आल्या होत्या. आता त्या आत गेल्या आणि डोळ्यांनी आपलं काम सुरू केलं. सवयच होती, डोळे ऐकत नव्हते. सकाळी केलेल्या भाताचं मोठं पातेलं शेगडीच्या वरच्या फळीवर झाकून ठेवलं होतं. ना धड गरम, ना गार. फ्रिज जोरजोरात घुरघुरत होता. मामींनी दही काढायला दार उघडलं तेव्हा आतली हवा बाहेर आली. ती गार नव्हती. खालच्या कप्प्यात कच्ची कोंबडी होती आणि तिचं पाणी खाली ओघळलं होतं.

"मामी, हा फ्रिज नीट चालत नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"अगं, म्हातारा झालाय आमच्यासारखा. कुरकुर करतो, पण चालतो. बघू पुढच्या महिन्यात."

"आणि भात असा बाहेर..."

"माझी आई असाच ठेवायची. कोणी मेलं नाही." मामींनी त्यांच्या ताटात डाळ वाढली. "तू जेव. तुझं नावं ठेवणं तुझ्या बहिणीपाशी."

बाई हसल्या. त्या भातावर फक्त डाळ फिरवत राहिल्या आणि पोळी खाऊन उठल्या. इतर कुठल्याही स्वयंपाकघरात त्या असं उठून गेल्या नसत्या. बाहेर आपापल्या आरशासमोर बसून माणसं तोच भात खात होती. बाई त्यांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेल्या. थांबावं, बोलावं, असं पाय म्हणत होते. त्या बसमध्ये बसल्या.

आठवडाभर त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपली हद्द नाही. मामींना सांगितलंय. त्या बदलतील. पण बदलणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. असली उत्तरं ऐकण्यातच त्यांची नोकरी गेली होती.

पुढच्या रविवारी त्या टेबलाशी बसल्या तर मामा म्हणाले, "आज माणसं कमी आहेत. ती कोपऱ्यातली नर्स आली नाही, पोट बिघडलंय म्हणे. टॅक्सीवालाही आडवा पडलाय."

"बाहेर काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल," आतून मामी म्हणाल्या. "सांगितलं होतं मी, इथेच येऊन जेव."

बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. तो त्यांनी ताटात ठेवला. उठल्या, पर्स घेतली, पडदा सारून आत गेल्या. मामी पोळी लाटत होत्या. बाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि थर्मामीटर भाताच्या मधोमध खुपसला. मग फ्रिज उघडून दुधात बुडवला. दोन्ही आकडे त्यांना न बघताही सांगता आले असते.

"हे काय गं?" मामींनी लाटणं थांबवलं.

मामा पडद्यात उभे होते. त्यांचा एक भाचा कुठल्याशा हॉटेलात होता, त्याच्याकडून काही गोष्टी कानावर आल्या होत्या. ते त्या लांब टोकाकडे बघत राहिले. "तुम्ही," ते म्हणाले, "तुम्ही थर्मामीटर बाई?"

"हो."

"म्हणजे इतके महिने तुम्ही आम्हाला तपासायला येत होता?"

"नाही, मामा. मी जेवायला येत होते."

आपलंच बोलणं बाईंना खोटं वाटलं, आणि खरं तर एवढी एकच गोष्ट त्या घरात पूर्ण खरी होती.

त्यांनी सांगितलं. आज कोणाला काही वाढायचं नाही. भात, दही, कोंबडी, सगळं फेकायचं. "आणि मला हे कळवावं लागेल. माझी हद्द नसली तरी डोळ्यांनी बघितलंय. मागच्या रविवारीच कळवायला हवं होतं. ती नर्स मग आजारी पडली नसती."

"कळवा," मामा म्हणाले. ते बाहेर गेले आणि जेवणाऱ्या माणसांना हलक्या आवाजात उठवू लागले.

मामींना पातेलं उचलवेना. "अन्न आहे ते," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून राबतेय मी."

"द्या मामी, मी टाकते."

"राहू द्या. तुम्ही नका हात लावू."

तुम्ही. बाईंना ते नेमकं ऐकू आलं. तरी त्यांनी पातेल्याचा एक कान धरला, दुसरा मामींनी धरला, आणि दोघींनी ते मागच्या दाराशी नेऊन कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत उपडं केलं. मामी पदराने नाक पुसत होत्या. बाईंनी फ्रिज रिकामा केला, कप्पे धुतले, ओटा धुतला. कोणी थांबवलं नाही आणि कोणी मदतही केली नाही.

त्या भागाचा अधिकारी बाईंच्या ओळखीचा होता, शांत माणूस. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने खाणावळ बंद करवली. फ्रिज बदला, दोघं खात्याच्या स्वच्छतेच्या शिकवणीला या, मग उघडा. नर्स बरी झाली. टॅक्सीवालाही बरा झाला. बाईंनी हे सगळं धाकटीला फोनवर सांगितलं.

"ताई, तू बरोबर केलंस."

"उशिरा केलं."

"केलंस ना पण? मग रडतेस कशाला?"

"सर्दी झालीय."

"ताई, इकडे येतेस का थोडे दिवस?"

"तुमच्या त्या दोन खोल्यांत मला कुठे ठेवशील? आणि रजा कुठे आहे मला," बाई म्हणाल्या. रजा भरपूर साठली होती.

उन्हाळा ओसरल्यावर खाणावळ उघडली. बाई लगेच गेल्या नाहीत. दोन रविवार त्यांनी घरात पडदे धुतले. तिसऱ्या रविवारी त्यांनी चांगली साडी नेसली आणि बस धरली.

"या, या बाई, बसा," मामा पुढे आले. त्यांनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. मामी पडद्यातून बाहेर आल्या, डोक्यावर पांढरी टोपी, हातांत मोजे. "बसा हो. गरम गरम वाढते." ताट आलं. सगळं वाफाळतं, सगळं नियमात बसणारं. डाळीत मीठच नव्हतं. भाजीत दोनदा पडलं होतं. पडद्याची कड हलत होती, मागे कोणी उभं असावं तशी. बाईंनी ताट चाटूनपुसून संपवलं आणि "छान झालंय" म्हणाल्या. कोपऱ्यात नर्स बसली होती. ती मामींना काहीतरी सांगत होती आणि मामी तिला "गप गं, आधी जेव" म्हणत होत्या.

बाई निघाल्या तेव्हा मामा चपला घालून बरोबर आले. थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर म्हणाले, "राग नाही हं आमचा. आजारी पडलेल्या दोघांना बघून आलो मी. तुम्ही बोलला नसतात तर काय झालं असतं, कळतं मला."

"मामींना?"

"तिलाही कळतं. पण बाई, रविवार आला की तुम्ही याल या धास्तीने तिचा हात चालत नाही. सकाळपासून घासत बसते. आज आमटीत मीठ घालायचं विसरली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं." ते रस्त्याकडे बघत होते. "तिला तुम्हाला सांगायचं धाडस होत नाही. म्हणून मी सांगतो."

बाईंनी मान हलवली. "मी नाही येत."

"तसं नव्हे हो." मामा घाईघाईने म्हणाले. "रविवारी सकाळी मी फिरायला या थांब्यापर्यंत येतोच. डबा आणेन. तुम्ही इथून घेऊन जा. ती डबा भरेल, तुम्ही बघायला नसलात की तिचा हात नीट चालतो. पैसे तुम्ही द्याल ते घेईन, नाही म्हणणार नाही. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मामा फडक्यात बांधलेला डबा घेऊन आले. गार होण्याच्या आत घरी पोहोचा, असं त्यांनी दोनदा बजावलं आणि मग कोणाला काय सांगतोय हे लक्षात येऊन कसनुसं हसले. बाईही हसल्या. बसमध्ये त्यांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला. त्याची धग साडीतून पायांना लागत होती. पुढच्या सीटवरचा माणूस वासाने मागे वळून बघायला लागला.

घरी येऊन त्यांनी ताट घेतलं, पाणी घेतलं, टेबलाशी बसल्या. थर्मामीटर पर्समध्येच राहिला. डाळीत मीठ किंचित जास्त होतं आणि लसूण करपलेला. त्यांनी सावकाश जेवण केलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी मुलाला हाका मारत होतं. शेवटची पोळी त्यांनी संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवली, डबा घासून पालथा घातला आणि धाकटीकडे आता किती वाजले असतील, याचा हिशेब करत बसल्या.